निवळ वजन

फैजपूरच्या वजनकाट्यावर केळीचा ट्रक चढला
आणि पावती निघाली:
उणे एकतीस हजार आठशे छत्तीस किलो.
मुबारक तडवीनं तिचा फोटो पाठवला,
खाली लिहिलं,
‘ताई, ट्रक भरेल हाये का रिकामा?’

नेहेते सरांनी ही लायब्ररी लिहिली
भुसावळात, रेल्वे क्वार्टरच्या मागच्या खोलीत,
तेव्हा ट्रक सहा टायरी होते.
वजनाला दोन बाइट पुरत.
बत्तीस हजार सातशे सदुसष्ट
म्हणजे सातपुड्याच्या पल्याडचा आकडा,
तिथवर कोण जातंय.
आता बारा टायरी येतात.

दुरुस्ती सोपी. दोनाच्या जागी चार.
केली मी ती, टेबलावरच्या जुन्या मशिनवर,
आणि नवी लायब्ररी जुन्या प्रोग्रॅमखाली सरकवली.
वजन बरोबर आलं.
पण ट्रक नंबरात तारीख घुसली,
आणि रिकामं वजन म्हणून छापली गेली
ड्रायव्हरच्या नावातली दोन अक्षरं,
आकडा समजून वाचलेली.

वरण-बट्टीच्या पंगतीत
एकजण मांडी पसरून बसला की
पुढचं प्रत्येक पान सरकतं.
आणि हा वाढपी पानं बघत नाही,
पावलं मोजतो.
चौथ्या पावलावर वरण. ओतलं.
तिथं आता पान आहे की कुणाचा गुडघा,
त्याला कुणी सांगितलेलं नाही.

चाळीस काट्यांवर असे चाळीस वाढपी.
त्यांना पुन्हा शिकवता येत नाही.
ज्या कंपनीनं ते घडवले ती धुळ्याहून उठली,
मालक नाशकात टाइल्स विकतो.
सोर्स कोड मागितला तर म्हणाला,
‘सीडी होती हो मॅडम,
पोरानं पेरूच्या झाडाला टांगली, पोपट यायचे म्हणून.’

मग मी सरांचीच फाइल पुन्हा उघडली.
आत एका फंक्शनचं नावच चुकलेलं.
निव्वळ वजन हवं, तिथं ‘निवळ’.
एक व राहून गेला,
आणि चाळीस प्रोग्रॅम त्याच नावानं हाक मारतात.
मी व घालायला बोट उचललं,
तसंच खाली ठेवलं.
शुद्धलेखनापायी रावेरपासून चोपड्यापर्यंतचे काटे
कशाला मुके करायचे?
शिवाय गढूळ पाण्यासारखं वजनही
हळूहळू निवळतच असेल.

अगदी तळाशी, सगळ्या रकान्यांच्या शेवटी,
दोन रिकामे बाइट.
शेजारी सरांची टीप:
‘राखीव. कोणी वापरू नये.
अगदीच अडलं तर वापरावे.’

मी बराच वेळ ती ओळ वाचत बसले.
कूलरमधलं पाणी संपलं होतं,
नुसता पंखा खडखडत होता.
अडेल, हे माहीत होतं या माणसाला.
काय अडेल, ते नव्हतं.
तरी जागा सोडली,
शिवाराच्या बांधावर सोडतात तशी, गाडीवाटेपुरती.

त्यातला एक बाइट घेतला.
वरचा हातचा तिथं ठेवला,
पावती छापताना परत मिळवला.
कुणी जागेवरून हललं नाही.
तारीख तारखेत, नाव नावात,
आणि वाढप्याचं चौथं पाऊल चौथ्याच पानावर.

रात्री मुबारकचा फोन.
‘तेहेतीस हजार सातशे आलं, ताई. बराबर.
पन तुम्ही नेमकं काय बदललं?
मले तं समदं तसंच दिसून राह्यलं.’
तसंच आहे, म्हटलं.
तो म्हणाला, मंग पैसे कशाचे?

मला लगेच उत्तर सुचलं नाही.
फोन ठेवून फाइलकडे वळले.
सरांच्या टिपेत ‘दोन’ खोडून ‘एक’ करणार होते,
तर त्यांनी आकडा लिहिलाच नव्हता.
तेवढंच काम वाचलं.